तळ्यात उतरलेल्या बाई

कात्रजच्या चौकात सिग्नल लाल झाला की बाकीचे लोक मोबाइल बघायचे, आमच्या बाई दुभाजक बघायच्या. तिथल्या मातीत गाजरगवताचं एखादं रोप दिसलं की स्कूटर स्टँडवर लावून उतरायच्या, रोप बुडातून धरून मुळासकट उपसायच्या आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत कोंबायच्या. तोवर सिग्नल हिरवा झालेला असायचा. मागून हॉर्न सुरू. एकदा एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काय ताई, भाजी घेताय का?"

"फुलायच्या आत काढावं लागते," बाई शांतपणे म्हणाल्या. "फुललं का मग तुमच्याच नाकात जाते."

मी मागच्या सीटवर बसलेला असायचो. अशा वेळी आपण या बाईंबरोबर नाहीच, असा चेहरा करायचा मी प्रयत्न करी. एकाच स्कूटरवर बसून ते जमत नाही.

बाई आमच्या ऑफिसात कृषी पर्यवेक्षक होत्या आणि मी अनुरेखक. अनुरेखक म्हणजे शेतांचे, ओढ्यांचे, बांधांचे नकाशे काढणारा माणूस. जन्म सदाशिव पेठेत गेला, त्यामुळे शेताशी माझा संबंध कागदापुरता. बाई मूळच्या वर्ध्याकडच्या. यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, म्हणून राहायला खडकीच्या क्वार्टर्समध्ये. तिथून रोज स्कूटरने शहर ओलांडून दुसऱ्या टोकाला यायच्या, कारण त्यांच्याकडे कात्रजपलीकडची, शहराने पोटात घेतलेली गावं होती. कागदावर ती गावं शहर झाली होती. पण दोन इमारतींच्या मधे अजून मेथी, टोमॅटो, शेवंती निघत होती आणि ती काढणारी माणसं अजून आभाळाकडे बघूनच दिवस सुरू करत होती. इतकी वर्षं पुण्यात काढून बाईंच्या बोलण्यातला वर्धा काही गेला नव्हता. मला त्या 'नकाशेवाले' म्हणायच्या. माझं नाव त्यांना माहीत असावं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही.

गाजरगवत तुम्हीही पाहिलं असेल. गाजरासारखी पानं, वर मोहरीएवढी पांढरी फुलं. दिसायला गरीब, पण एकदा जागा धरली की दुसरं काही उगवू देत नाही. काहींच्या अंगाला ते सोसत नाही. गंमत म्हणाल तर अशी, की ते बाईंनाच सोसत नव्हतं. हातांवर चट्टे उठायचे, डोळे लाल व्हायचे, पुढे पुढे तर श्वासही लागायचा. यजमानांचा कारखान्यातला जुना खाकी शर्ट, लांब बाह्यांचा, त्या साडीवरून घालायच्या आणि मनगटाशी रबर लावायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, "या कामातून बदली मागून घ्या."

"माझी कशाला?" बाई म्हणाल्या. "गवताची होते का पाहा."

एका पावसाळ्यात त्यांची स्कूटर गॅरेजात होती, म्हणून आम्ही बसने निघालो. बाईंच्या मांडीवर झाकणाला भोकं पाडलेली मोठी बरणी. आत रेघारेघांचे भुंगे. हे मेक्सिकन भुंगे फक्त गाजरगवत खातात, पिकाला तोंड लावत नाहीत. म्हणून पावसाळ्यात ते माळावर सोडतात. कंडक्टर आला, बरणीकडे बघून थबकला.

"हे काय?"

"भुंगे."

"चावतात?"

"नाही. शाकाहारी आहेत."

कंडक्टरने तिकीट फाडलं आणि पुण्याच्या माणसाला शोभेल अशा आवाजात म्हणाला, "सगळ्यांचं काढू, की बारक्यांना सूट आहे?"

बाईंनी गंभीरपणे उत्तर दिलं, "सरकारी कामावर आहेत ते. पास हाय त्यांच्याकडे." पुढच्या स्टॉपपर्यंत आमच्या आजूबाजूच्या सीटा रिकाम्या झाल्या होत्या. एवढ्या ऐसपैस जागेत मी त्या बसने पुन्हा कधी गेलो नाही.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसायचो. ऑफिसात त्यांच्या माघारी त्यांना 'गवतवाल्या बाई' म्हणत, त्यात मीही होतो. मला त्या खऱ्या अर्थाने कळल्या त्या सोपानरावांच्या टोमॅटोमुळे.

कात्रजच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. गावाला जुनं तळं. सोपानराव हे तिथले शेतकरी, साठीच्या आतबाहेरचे. तळ्यावर मोटर बसवून रान भिजवायचे, तेही पाट फोडून, धो धो. बाई दोन वर्षं त्यांच्या मागे होत्या, की ठिबक बसवा. थेंबाथेंबाने पाणी झाडाच्या मुळाशी जाईल, निम्म्या पाण्यात पीक निघेल, शिवाय सरकारी अनुदान आहे. सोपानराव तंबाखू मळत ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बाई, पाणी हाय तवर सोडायचं. उद्या हितं बिल्डिंग हुनार. मग नळ्या काय टेरेसवर टाकू?"

"उद्या बिल्डिंग होईल. यंदाचा मे महिना त्याच्या आधी येईल ना?" बाई म्हणायच्या.

शेवटी मारुतीच्या देवळात चार लोकांसमोर बाईंनी शब्द दिला, "पीक गेलं तर मला बोला." सोपानरावांनी ठिबक बसवलं. जानेवारीत टोमॅटो लावले. मी नकाशा काढला, बाईंनी सरींवर नळ्या अंथरून घेतल्या. महिनाभर रान असं हिरवंगार, की शेजारचे येऊन बघून जात होते.

मग सोपानराव चार दिवस पुतणीच्या लग्नाला गेले. परत आले तर अर्धं रान माना टाकून बसलेलं. मोटर चालू होती, नळ्या जागच्या जागी होत्या, पण सरीच्या शेवटाला पाण्याचा थेंब नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी निम्म्या नळ्या उपसून बांधावर ढीग घातला होता.

"घिऊन जा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "तुमच्या बरणीतल्या किड्यावानी आमच्यावर बी प्रयोग केला व्हय?"

मी सवयीप्रमाणे काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं. बाईंनी हाताने मला थांबवलं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "मी फक्त तुमचं रान पाहिलं. पाणी पाहिलं नाही."

त्यांनी ढिगातली एक नळी घेतली, कोयत्याने तोडली आणि तळहातावर झटकली. आतून काळा, बुळबुळीत गाळ आला आणि केसासारखी बारीक मुळं. बाई ती मुळं बोटांत धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग वळून तळ्याकडे बघितलं. तळं म्हणायचं एवढंच, पाणी कुठे दिसत नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी. जाड पानांची हिरवी गादी आणि वर जांभळी फुलं. खाली ती कुजत होती आणि कुजलेलं सगळं मोटरीतून सोपानरावांच्या नळ्यांमध्ये येत होतं.

त्या दुपारी बाई जेवल्या नाहीत. एकेका नळीचं टोक उघडून, पाण्याच्या दाबाने गाळ काढत त्या सरीसरीने फिरल्या. वाकून, गुडघ्यावर, चिखलात. मी दुसऱ्या बाजूने तेच करत होतो, कारण नुसतं उभं राहायची लाज वाटली. सोपानराव बांधावर पाठ करून बसले होते. त्यांच्या बायकोने, हिराबाईंनी, मुकाट्याने तिसरी सरी धरली. संध्याकाळी बाई उठल्या तेव्हा डोळे लाल होते. पण ते गवतानेही व्हायचे.

दुसऱ्या दिवशी ती तोडलेली नळी त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली. तिच्यातलं काळं पाणी हळूहळू एका फायलीवर उतरलं.

"तळं आपल्याकडे नाही, बाई," साहेब फाइल उचलत म्हणाले.

"टोमॅटो आपल्याकडे आहेत ना, साहेब?"

ज्यांच्याकडे तळं होतं त्या कार्यालयात आम्ही तीनदा गेलो. तिथे सांगितलं, शेतीचा विषय तुमचा. चौथ्यांदा गेलो तेव्हा शिपायानेच चहा पाजला आणि म्हणाला, "जलपर्णी काढायचं मशीन पुढच्या वर्षी." बाहेर पायऱ्यांवर बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तळं राहील, टोमॅटो राहणार नाही." आणि तिथून तडक गावाकडे स्कूटर वळवली.

देवळात पुन्हा बैठक. बाईंच्या हातात द्यायला काही नव्हतं, म्हणून गावाच्याच हातात होतं ते त्यांनी मागितलं. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी पाळीपाळीने घ्यायची तिथे जुनी रीत होती. बाई म्हणाल्या, "जो जलपर्णी काढायला येईल आणि ठिबक बसवेल, त्याची पाळी पहिली. तेवढं ठरवा." बरीच कुरकुर झाली. एक म्हातारा म्हणाला, "आन् वाईट झालं तर पुन्यांदा 'चूक माझी' म्हननार का?" लोक हसले.

"म्हणीन," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सातला तळ्यावर येते."

सोपानराव उठून निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "मला पाळी नको. माझं पीक पायजे."

सकाळी सातला तळ्यावर आम्ही तिघं होतो. बाई, मी आणि हिराबाई. तळ्याकडे दहा मिनिटं नुसतं बघत राहिलो. मग बाईंनी पदर खोचला, वरून तो खाकी शर्ट घातला आणि काठाच्या उथळ पाण्यात मांड्यांपर्यंत उतरल्या. जलपर्णीचं एक रोप ओढलं की त्याला धरून दुसरं येतं, दुसऱ्याला तिसरं. ओली, मुळांत गाळ धरलेली, अशी जड की दोन खेपांत माझी कंबर बोलू लागली. दुपारपर्यंत आम्ही एका खोलीएवढं पाणी मोकळं केलं. वाऱ्याने सगळी गादी सरकली आणि ते पुन्हा झाकून गेलं.

मी काठावर बसलो आणि म्हणालो, "बाई, हे होणार नाही."

"आज नाही होणार," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या.

हिराबाईंना हसू आलं. "ह्या बाईला कुनी सांगू नका," त्या मला म्हणाल्या. "ऐकू येत न्हाई तिला."

दुसऱ्या दिवशी सहा जण आले. तिसऱ्या दिवशी पंधरा. गंमत बघायला आलेले काही काठावर बसून सल्ले देत होते, त्यांच्या हातात बाई जलपर्णी ओढायचं दाताळं देत. चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला ट्रॅक्टरचा आवाज आला. सोपानराव होते. कुणाशी न बोलता त्यांनी जाड दोर सोडला, दोन बांबूंना बांधून जलपर्णीच्या पलीकडून फिरवायला लावला आणि ट्रॅक्टरने ओढला. घोंगडी ओढावी तशी सगळी गादी काठाला आली. मागे पाणी उघडं पडलं. काळं, पण पाणी. आभाळ दिसत होतं त्यात.

"अशी वडायची असती," सोपानराव बाईंकडे न बघता म्हणाले.

"मग तीन दिवस कुठं होते तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"रुसलो व्हतो."

तळ्याच्या वरच्या अंगाला एक मोठी सोसायटी आहे. बारा-बारा मजल्यांच्या इमारती. तिथलं सांडपाणी ओढ्याने तळ्यात येत होतं आणि ते खाऊनच जलपर्णी माजत होती. सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र सोसायटीत होतं, पण बंद. एका रविवारी बाई त्यांच्या सभेला गेल्या, मला घेऊन. अध्यक्ष निवृत्त गृहस्थ, पांढरा लेंगा-झब्बा, बोलणं अस्सल पेठेतलं. "आपण शेतीखात्याच्या ना? मग इथे काय, आमच्या गच्चीवरचं पीक बघायला आलात?"

"नाही. तुमचं पीक खाली तळ्यात आलं आहे. ते दाखवायला आले," बाई म्हणाल्या.

पुणेकराचा टोमणा त्याच्याकडेच परत गेलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आयटीतली काही मुलं-मुली हसली आणि खाली बघायला आली. आधी जलपर्णीच्या फुलांबरोबर फोटो काढले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण दिसतं किती ब्यूटिफुल!" बाईंनी तिच्या हातात एक रोप ठेवलं. मुळांतला गाळ तिच्या पांढऱ्या बुटांवर ओघळला. तरीही ती पुढच्या रविवारी आली, आणि आणखी आठ जणांना घेऊन आली. महिन्याभरात सोसायटीचं यंत्र सुरू झालं. अध्यक्षांनी ते स्वतः सभेत मांडलं म्हणे, "आपली लाज तळ्यावर तरंगते आहे" अशा शब्दांत.

तळं पूर्ण मोकळं व्हायला होळी उजाडली. सोपानरावांचं अर्धं पीक गेलं ते गेलंच, ते काही परत आलं नाही. उरलेलं मात्र उभं राहिलं. मोटरीजवळ वाळूची गाळणी बसवली, नळ्या पुन्हा अंथरल्या आणि त्या मे महिन्यात, शेजारच्या विहिरींनी तळ गाठला तेव्हा, तळ्यात पाणी होतं. पाळी पहिली कुणाची यावरून भांडणं झाली, पण भांडायला पाणी होतं. पुढच्या हंगामात ठिबकासाठी अर्ज करायला लोक आपणहून ऑफिसात येऊ लागले. साहेबांनी मला विचारलं, "एकाच गावातून एवढे कसे हो?" मी म्हटलं, "बाईंना विचारा." बाई जागेवर नव्हत्या.

जलपर्णी संपली असं मात्र समजू नका. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं पडून राहतं. दर हिवाळ्यात कोपऱ्यातून हिरवी जीभ बाहेर काढतेच. मी एकदा वैतागून म्हणालो, "हे संपणार कधी?"

"ते कशाला संपते? आपण संपलो नाही म्हणजे झालं," बाई म्हणाल्या आणि शर्टाच्या खिशातून दम्याचा पंप काढून दोन श्वास घेतले. तो पंप आता त्यांच्या खिशात कायमचा आला होता. पायऱ्या चढताना त्या मधे थांबायच्या आणि आपण थांबलो ते कुणाला कळू नये म्हणून भिंतीवरची सूचना वाचायच्या. आमच्या ऑफिसच्या जिन्यातली 'थुंकू नये' ही पाटी त्यांनी किती वेळा वाचली असेल, देव जाणे.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी चार वाजता निरोप समारंभ होता. शाल, श्रीफळ, पेढे, साहेबांचं भाषण, सगळं तयार. फक्त बाई नव्हत्या. मला माहीत होतं कुठे असतील ते, पण मी बोललो नाही. साहेबांनी थोडी वाट पाहिली आणि मग रिकाम्या खुर्चीकडे बघून भाषण केलं. खरं सांगतो, इतकं मनापासून ते कधी बोलले नव्हते. समोर बाई असत्या तर त्यांना ते जमलं नसतं. शेवटी शाल माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुम्हीच पोचवा."

वाऱ्याने जलपर्णीचा एक मोठा तुकडा मोटरींच्या तोंडाशी आणून लावला होता. बाई आणि हिराबाई तो काढत होत्या. मी पोचलो तेव्हा काम झालेलं होतं. बाई काठावर धापा टाकत बसल्या होत्या, गुडघ्यापर्यंत काळ्या. मी शाल पुढे केली, चार शब्द बोलावे म्हणून घसा साफ केला.

"बरं झालं आणली," त्या म्हणाल्या. "टॉवेल विसरली होती मी." आणि त्यांनी त्या शालीने आधी हात, मग पाय स्वच्छ पुसले. हिराबाईंनी नारळ दगडावर फोडला. खोबरं खाताना सूर्य डोंगराआड गेला.

पंधरा दिवसांनी क्वार्टर सोडून बाई आणि यजमान वर्ध्याकडे गेले. कोरडी हवा त्यांच्या छातीला बरी, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. त्यांच्या जागी नवे पर्यवेक्षक आले. तरुण आहेत, चांगले आहेत, सिग्नलला मोबाइल बघतात.

यंदा जानेवारीत गावाने तळं साफ करायचा दिवस ठरवला. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. माणसं जमली होती, दोर होता, दाताळी होती. पण सगळे काठावर रेंगाळत होते, सुरुवात कुणी करायची ते न कळून. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"कोण कोण आलं?" बाईंनी विचारलं. नमस्कार-चमत्कार काही नाही.

मी सांगू लागलो. सोपानराव ट्रॅक्टर घेऊन आलेत. हिराबाई आहेत, त्यांची सून आहे. सोसायटीची पोरं आहेत. अध्यक्षांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर बांधलाय. बाई हसल्या, मग खोकल्या. खोकला बराच वेळ चालला. मी फोन कानाला दाबून थांबलो.

"अन् तुम्ही?" श्वास आल्यावर त्या म्हणाल्या.

"मी इथेच आहे. काठावर. तुमच्याशी बोलतोय."

"काठावर काय करून राहिले, नकाशेवाले?"

आणि फोन ठेवून दिला. मी माझा फोन कोरड्या दगडावर ठेवला, चपला त्याच्या शेजारी काढल्या, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरलो. जानेवारीतलं पाणी, हाडात शिरलं. मागून हिराबाईंचा आवाज आला, "चला गं, नकाशेवाले साहेब उतरले!"